चहाला गेलेल्या माणसाचा कोट

मित्रांनो, खोटे बोलायला तोंड लागते असे तुम्हाला वाटत असेल. मला तोंड नाही. मला दोन बाह्या आहेत, तीन खिसे आहेत आणि पाचांपैकी उरलेली तीन बटणे आहेत. एवढ्या सामग्रीवर मी आठ वर्षे खोटे बोललो, तेही एका खुर्चीच्या पाठीवर टांगलेला राहून. मी औषधांच्या दुकानातला एक पांढरा कोट आहे. आता पांढरा म्हणायचे ते केवळ सवयीने.

आमचे दुकान कलकत्त्याला बागबाजारात. दारावर पाटी होती, ‘मोघे अँड सन, केमिस्ट्स’. मोघे कुटुंब तीन पिढ्यांपासून तिथलेच, तरी गल्लीतले लोक आमच्या दुकानाला ‘बर्गीबाबूंचे दुकान’ म्हणत. बर्गी म्हणजे मराठ्यांचे घोडेस्वार. त्यांना अडवायला कधीकाळी याच भागात मोठा खंदक खणला होता म्हणे. समोरचे म्हातारे डॉक्टरबाबू हसून म्हणत, एवढा खंदक खणून उपयोग काय झाला, ते आत येऊन आम्हाला खोकल्याचे औषध देऊ लागले.

दुकान थाटले मोठ्या मोघ्यांनी. ते जुन्या वळणाचे कंपाउंडर होते. तेव्हा गोळ्यांची तयार पाकिटे कमी असत. डॉक्टर चिठ्ठी लिहीत आणि औषध दुकानात तयार होई. खलात पूड घोटायची, काचेच्या मापात पाणी घ्यायचे, बाटलीत भरून बूच लावायचे. मग बाटलीच्या पाठीवर कागदाची एक पट्टी चिकटवायची. पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एका वेळचे औषध. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते समजे.

मोघ्यांना दोन मुले. पाटीवरचा ‘सन’ म्हणजे शशिकांत. माणूस गोड बोलणारा. गिऱ्हाइकाशी फुटबॉलवर तासभर गप्पा मारील, पण हातात माप दिले की अर्धे औषध टेबलावर सांडे. दुसरी मुलगी, नलिनी. पाटीवर ती नव्हती. बाराव्या वर्षापासून ती वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसायची. शाळा सातवीपर्यंत झाली, मग लग्न झाले, आणि तीन वर्षांत नवरा गेल्यावर ती परत आली ती थेट त्या स्टुलावर. डॉक्टरबाबूंचे अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखे. ते खुद्द त्यांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे, पण नलिनीताईंना लागे. गल्लीतल्या बायका मुले कडेवर घेऊन येत आणि ‘नलिनीदी आहेत ना?’ असे आधी विचारत, मगच पायरी चढत.

सहासष्ट साली मोठे मोघे गेले, आणि त्याच वर्षी माझा जन्म झाला. या दोन गोष्टींचा संबंध आहे.

दुकानाचे लायसन मोघ्यांच्या नावावर होते. नवे करायचे तर सरकारदरबारी नाव नोंदवलेला फार्मासिस्ट दुकानात हवा. नलिनीताईंचे नाव कुठेच नोंदलेले नव्हते. शशिकांतने डोके खाजवले आणि त्याला मावसभाऊ आठवला. दत्तात्रय साने. त्याने नागपूरला औषधांचा डिप्लोमा घेतला होता, इथे येऊन रीतसर नाव नोंदवले होते आणि मग एका कचेरीत कारकुनी धरली होती. शशिकांतने त्याला जेवायला बोलावले. श्रीखंडाच्या वाटीवर सगळे ठरले. दत्तात्रयचे सर्टिफिकेट भिंतीवर लागेल, दत्तात्रय कचेरीत जाईल. घरचेच आहे, असे दोघेही म्हणाले. वाईट काम करताना माणसे ‘घरचेच आहे’ असे का म्हणतात, हे मला अजून कळलेले नाही.

सर्टिफिकेट आले, चौकट आली. आता माणूस दिसायला हवा. म्हणून शशिकांतने बडाबाजारातून लांबरुंद पांढरे कापड आणले आणि नलिनीताईंनी वरच्या खोलीत, मशीनवर, मला शिवले. माप द्यायला दत्तात्रयला वेळ झाला नाही, म्हणून त्यांनी नजरेच्या अंदाजाने बेतले. छातीच्या खिशावर निळ्या दोऱ्याने ‘द. ग. साने’ असे त्यांनीच भरले. सुबक भरले. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. ज्या हातांनी औषध होत होते, तेच हात दुसऱ्याचे नाव माझ्यावर भरत आहेत, हे काही माझ्या ध्यानात आले नाही. नवे कापड मूर्खच असते.

माझे काम सोपे होते. सकाळी शटर उघडले की शशिकांत मला खुर्चीच्या पाठीवर घाली. समोर वही उघडी. वहीवर एक जुना चष्मा. शेजारी मातीच्या भांड्यात अर्धा चहा. बघणाऱ्याला वाटावे, साहेब आत्ताच उठून गेले. त्या चहावर दिवसभरात साय धरायची, माशी पडायची, संध्याकाळी तो मोरीत जायचा. रोज सकाळी नवा चहा येई, आणि तोही अर्धाच. कोणी विचारलेच तर शशिकांत म्हणे, आत्ताच चहाला गेले. इतकी वर्षे इतक्या वेळा चहाला गेलेला माणूस साऱ्या बंगालात दुसरा नसेल.

मागे, पडद्याआड, नलिनीताई उभ्या राहून औषधे करीत. घामाने त्यांच्या पातळाचा पदर भिजे. मी इस्त्री केलेला, खुर्चीवर.

मग एकाहत्तर साल उजाडले. त्या साली राज्य सरकारने एक नवा नियम जाहीर केला. ठरलेल्या तारखेनंतर, नाव नोंदवलेल्या माणसाशिवाय कोणीही डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करायचे नाही. केले तर शिक्षा. मात्र ज्यांनी डिप्लोमा घेतलेला नाही, पण पाच वर्षे दुकानात हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनाही नाव नोंदवता येईल. अर्ज करायचा, कामाचा दाखला जोडायचा, इन्स्पेक्टर येऊन खात्री करील. हे सगळे तारखेच्या आत.

मित्रांनो, नियम वाईट नव्हता. कुठेतरी अजाण हातांनी भलतेच औषध दिले जाई आणि माणसे दगावत. नलिनीताईंनी पेपरातली ती बातमी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, बरे झाले, कुणीही उठून औषध करू नये. मग त्यांनी बोटांवर वर्षे मोजली. वडील गेल्यापासूनचीच पाच भरत होती. आधीची तर सोडूनच द्या.

दुपारी दुकान रिकामे असताना त्या शशिकांतला म्हणाल्या, “दादा, मला एक पत्र लिहून दे. मी पाच वर्षं इथे औषधं करते, एवढंच.”

शशिकांतने पेन उचलले, आणि पुन्हा खाली ठेवले. लिहितो म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा लिहितो म्हणाला. पंधरा दिवसांनी त्यांनी कागद आणि पेन दोन्ही त्याच्यापुढे ठेवले, तेव्हा त्याने माझ्याकडे बोट केले.

“नले, तू केलंस असं लिहिलं, तर हा पाच वर्षं काय करत होता, असं विचारतील ना ते.”

त्या क्षणी मला प्रथम स्वतःची लाज वाटली. मी जितका बेमालूम खोटे बोललो होतो, तितका त्या बाईचा खरेपणा खोटा ठरत होता. शशिकांतलाही लाज वाटली असावी. त्याने पुढे दिवसभर फुटबॉलचे नाव काढले नाही.

नलिनीताई भांडल्या नाहीत. संध्याकाळी रस्ता ओलांडून त्या डॉक्टरबाबूंकडे गेल्या. डॉक्टरबाबूंनी मुंग्यांच्या रांगेत पानभर दाखला लिहिला. माझ्या चिठ्ठ्यांवरची औषधे ही बाई तयार करते, एकही चूक आजवर आढळली नाही, खाली सही. अर्ज गेला. त्यानंतर रोज पोस्टमनची वेळ झाली की पडद्याआडचा खल थांबायचा. त्यांना काय हवे होते ते मला ठाऊक आहे. भिंतीवर एक कागद, त्यावर स्वतःचे नाव. मग हे दुकान असो नाही तर दुसरे, त्या कुठेही उभ्या राहू शकल्या असत्या.

त्याच पावसाळ्यात साऱ्या शहराचे डोळे आले. सीमेपलीकडून माणसांचे लोंढे येत होते, त्यांच्याबरोबर ही साथ आली असे म्हणत. त्या माणसांच्या तोंडी ‘जय बांगला’ ही घोषणा असे, लोकांनी साथीलाही तेच नाव दिले. जो तो लाल डोळ्यांनी आणि काळ्या चष्म्याने हिंडत होता. नलिनीताई पहाटेपासून उकळून गार केलेल्या पाण्यात डोळ्यांचे औषध करीत आणि लहान लहान बाटल्यांत भरीत. दुकानासमोर रांग लागे. त्या रांगेतच एक दिवस काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ उभे होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी चिठ्ठी काढली नाही, फाइल काढली. ते इन्स्पेक्टर होते.

माणूस सभ्य होता. घाम पुसत बसला. फाइलीतला अर्ज वाचून, ताईंचे सासरचे नाव घेत म्हणाला, नलिनी केळकर कोण? नलिनीताई पडदा सारून पुढे आल्या, हात पुसत. त्याने काळा चष्मा काढून वर पाहिले. डोळे इतके लाल की त्यांतून पाणी गळत होते.

तुम्ही लिहिले आहे की पाच वर्षे इथली औषधे तुम्ही तयार करता, तो म्हणाला. तो बंगालीत बोलत होता, हळू, जणू एखाद्या आजाऱ्याला विचारतो आहे. ताईंनी मान डोलावली. मग त्याची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली. तिथून वहीकडे, चष्म्याकडे, आणि शेवटी माझ्याकडे. त्याने माझा खिसा वाचला.

“मग हे साने कोण?”

शशिकांतच्या हातात बाटलीचे बूच होते. ते त्याच्या हातून पडले आणि काउंटरखाली घरंगळत गेले. तो ते शोधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

मित्रांनो, ताईंनी खरे सांगितले असते तर त्यांचे नाव लागले असते, पण दुकानाचे लायसन जागच्या जागी गेले असते. वर शशिकांतची बायको आणि दोन मुली होत्या. शशिकांतला दुसरे काही येत नव्हते. तसे पाहिले तर हेही येत नव्हते. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी खुर्चीवरून खाली पडायला हवे होते. एवढे तरी मला करता यायला हवे होते. पण मी नीट, पाच बटणे लावून, टांगलेला राहिलो.

“औषध सानेबाबू करतात,” ताई म्हणाल्या. “मी बाटल्या धुते, पट्ट्या कापते.”

“ते कुठे आहेत?”

“आत्ताच चहाला गेले.”

इन्स्पेक्टरने मातीच्या भांड्यात डोकावले. “चहा तर इथे आहे.”

“त्यांना दुसरा लागतो.”

तो हसला नाही. फाइल मिटून त्याने थोडा वेळ ती मांडीवर धरली. मग म्हणाला, “दीदी, पुन्हा एकदा विचारू का?”

ताईंनी मान हलवून नको म्हटले.

त्याने फाइल पुन्हा उघडून तीन ओळी लिहिल्या. उठताना डोळ्यांना रुमाल लावला, तेव्हा ताईंनी न विचारताच एक बाटली पुढे केली आणि दिवसातून चार वेळा, आधी हात धुऊन, असे सांगितले. तो गेला. आठवड्याने त्याच रस्त्याने जाताना दारात थांबला. डोळे स्वच्छ झाले होते. गुण आला, सानेबाबूंना माझा नमस्कार सांगा, एवढे म्हणून पुढे गेला. त्याला खरे कळले होते की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्याने नमस्कार करताना माझ्याकडे नव्हे, पडद्याकडे पाहिले होते.

महिन्याभराने पत्र आले. अर्जदाराचा दावा खरा आढळला नाही, तपासणीच्या वेळी नोंदणीकृत फार्मासिस्ट द. ग. साने कामावर असल्याचे दिसून आले. हे ‘दिसून आले’ म्हणजे मी. सरकारी कागदावर माझी माणसात गणना झाली, आणि जी माणूस होती तिचे नाव त्याच कागदाने खोडले. इतका मान कोणत्या कोटाला मिळाला नसेल, आणि इतका नको असलेलाही.

दुसऱ्या दिवशी ताई खाली आल्या नाहीत. डोके दुखते, असे वहिनींबरोबर सांगून पाठवले. तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. शशिकांत गिऱ्हाइकांना तयार गोळ्या देऊन वाटेला लावत होता. रविवारी त्याने दत्तात्रयला बोलावून घेतले. नियमाने ज्याने करायचे तो आला.

त्याने मला अंगात घातले. पाच वर्षांत प्रथम माझ्या बाह्यांत हात आले. मी त्याच्या खांद्यांवरून ओघळत होतो. एक बाई तान्ह्या मुलीच्या खोकल्याची चिठ्ठी घेऊन आली. दत्तात्रयने ती उजेडात धरून पाहिली, उलटी धरून पाहिली. त्याने औषधांची नावे परीक्षेसाठी पाठ केली होती, त्यालाही बारा वर्षे झाली होती. त्याने बाटली उचलली, मापापाशी नेली आणि पुन्हा मागे घेतली. माझ्या बाहीला ते मागे येणे अजून आठवते. बाई म्हणाली, आज नलिनीदी नाहीत का? मुलगी खोकत होती.

दत्तात्रयने बाटली खाली ठेवली आणि जिन्याशी जाऊन हाक मारली. “नलूताई, मला येत नाही गं. लेकरू खोकतंय.”

ताई आल्या. चिठ्ठी वाचली, मिक्श्चर केले, पट्टी कापली, बाटली बाईच्या हातात दिली आणि त्या लेकराचे नाक स्वतःच्या पदराने पुसले. बाई गेल्यावर दत्तात्रय म्हणाला, मी लिहून देतो त्यांना की मी इथे कधीच नव्हतो. तो खरेच लिहिणार होता. त्याच्या हातात कागद होता.

“त्यानं तुझं नाव जाईल, दत्तू, आणि तारीख उलटून गेलीय, माझं काही येणार नाही,” ताई म्हणाल्या. “शिकायचं असेल तर हात धुऊन ये.”

आणि तो आला. कचेरी सुटली की रोज संध्याकाळी. ताईंनी त्याला खल धरायला शिकवले, डॉक्टरबाबूंचे अक्षर शिकवले, खाचा मोजायला शिकवले. त्याच्या हातून सांडले की त्या म्हणत, मोघ्यांचा नाहीस ना रे तू, मग सांडतोस कशाला. शशिकांत पलीकडून ऐकत असे आणि हसल्यासारखे करी. तीन वर्षांत दत्तात्रयचा हात बसला. चौऱ्याहत्तर साली त्याने कारकुनी सोडली आणि तो दुकानात पूर्ण वेळ आला. अर्धा चहा बंद झाला. सकाळी तो मला घाली आणि रात्री काढी. खिशावरचे नाव आणि आतला माणूस एक झाले. माझे खोटे खरे झाले, मित्रांनो. तेव्हाच मी सर्वांत जास्त शरमलो, कारण ते कुणाच्या जिवावर खरे झाले ते मला माहीत होते.

मग तपासण्या कडक झाल्या. नवे इन्स्पेक्टर वेळी-अवेळी येऊ लागले. नाव नसलेले कोणी औषधांपाशी उभे दिसले तर दंड, लायसन बंद. शशिकांतने ते सगळे कागद वाचले आणि एका सकाळी बहिणीला म्हणाला, तू आता वरच बस, उगाच कुणी पाहिलं तर. तो बरोबर बोलत होता. आमच्या दुकानात पहिल्यांदाच सगळे नियमाप्रमाणे चालले होते. ताईंनी खल धुऊन पालथा घातला आणि त्या वर गेल्या. बायका पायरीशी येऊन विचारीत, मग दत्तबाबूंच्या हातालाही तसाच गुण आहे हे कळल्यावर विचारीनाशा झाल्या.

मागच्या हिवाळ्यात ताईंची छाती भरली. डॉक्टरबाबूंनी चिठ्ठी लिहिली. ताई शाल पांघरून जिना उतरल्या, रस्त्यावर गेल्या आणि दुकानाच्या पुढच्या दाराने, पायरी चढून, गिऱ्हाईक म्हणून आत आल्या. काउंटरच्या बाहेर उभ्या राहिल्या. दत्तात्रय म्हणाला, आत ये ना ताई. त्या म्हणाल्या, नको, इथेच ठीक आहे.

तो औषध करू लागला. त्या काउंटरवरून वाकून बघत होत्या. त्यांची बोटे लाकडावर हलत होती, त्याच्या खलाबरोबर. एकदाच म्हणाल्या, अजून जरा घोट. त्याने घोटले. पट्टी कापून चिकटवली. मग नियमाप्रमाणे वही ओढली, कारण आता प्रत्येक चिठ्ठीची नोंद करावी लागते. तारीख लिहिली. औषध लिहिले. तयार करणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहिले. आणि घेणाऱ्याच्या रकान्यात, सावकाश, ‘श्रीमती नलिनी केळकर’ असे लिहिले.

त्या दुकानाच्या कागदावर त्यांचे नाव लागले ते असे. ताईंनी वही आपल्याकडे वळवून ते वाचले. अक्षर बरं आलंय, म्हणाल्या, आणि बाटली शालीखाली धरून गेल्या. दत्तात्रयने तोंड माझ्या बाहीला पुसले. घाम नव्हता, हिवाळा होता.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने कपडे शेवटी तुमच्याकडे एक मागणे मागतात, आम्हाला जपा. मी ते मागणार नाही. माझी बटणे काढून घ्या, माझ्या कापडाने बाटल्या पुसा, मला त्याचे काही नाही. पण तुमच्या आसपास कुणी पडद्याआड उभे राहून काम करीत असेल आणि समोर दुसऱ्याचाच कोट टांगलेला असेल, तर तारीख उलटायच्या आत बोला. मला बोलता आले नाही. मी कापड होतो. शशिकांतला मात्र तोंड होते, आणि दत्तात्रयलाही. ते दोघे चांगली माणसे होती, आणि दोघांनीही मलाच बोलू दिले.